कापसाच्या खोलीतली घागर

माझा स्वभाव फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. तीस वर्षं शाळेत पोरांवर ओरडून घसा आणि स्वभाव दोन्ही खरखरीत झालेत. त्यामुळे आखाजीच्या आठ दिवस आधी रजतचा पुण्याहून फोन आला, तेव्हा मी विचार वगैरे काही केला नाही. सरळ भडकले.

रजत माझा भाऊ, दहा वर्षांनी धाकटा. बाबांचं दारव्ह्याचं घर आम्हा दोघांच्या नावावर आहे आणि गेली अकरा वर्षं त्यात आमची बेबीआत्या राहते. बाबांची धाकटी बहीण. भाडं नाही, काही नाही. शेजारच्या पुंडलिकरावांच्या नातीनं, खुशीनं, मागच्या आखाजीचा एक फोटो परवा मोबाइलच्या स्टेटसला ठेवला होता. रजतनं तो मला पाठवला आणि मागोमाग फोन केला.

"ताई, फोटो नीट बघ. बाबांची घागर ती भरते आहे. मुलगा मी आहे ना? गावात काय म्हणतात ते तुला माहीत आहे. ज्याचं पाणी, त्याचं घर."

म्हणतात खरं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं एकेक मातीची घागर पाण्यानं भरतात. तिची पूजा करायची आणि एका माणसाला पित्तर म्हणून बोलावून जेवू घालायचं. घागर भरायची ती मुलानं. मुलगा नसेल तर पुतण्यानं. लेकीचं नाव त्यात कुठेच नाही, भरणाऱ्यांतही नाही आणि ज्यांच्या नावानं भरायची त्यांतही नाही.

मी फोटो मोठा करून पाहिला. आमची समोरची खोली. भिंतीवर आईबाबांचा फोटो, खाली चार घागरी, बाजूला हात जोडून उभी असलेली आत्या. मला घागरींचा एवढा राग आला नाही. मला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. बाबांच्या फोटोपुढे साधा दिवा नव्हता. अकरा वर्षं फुकट राहते आणि वातीला थेंबभर तेल निघत नाही हिच्याकडून? रजतला मी तसं बोलूनही दाखवलं.

"भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी," रजत म्हणाला. मी त्याला "हो" म्हटलं. ते "हो" मला अजून टोचतं.

घराला गिऱ्हाईक आलं होतं. एका बी-बियाण्याच्या दुकानदाराला ती जागा हवी होती. रजतच्या कुण्या वकील मित्रानं त्याच्या डोक्यात भरवलं होतं की बारा वर्षं झाली की राहणारा माणूस हलत नाही, तेव्हा आधी लिहून घ्या. कागदही तयार होऊन कुरिअरनं माझ्याकडे आला. 'मी या घरात मालकांच्या परवानगीने राहत असून येत्या दिवाळीपूर्वी घर रिकामे करून देईन.' खाली आत्याच्या सहीची जागा. रजत पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकणार आणि शेळ्यांमागे धावायला मी. पण या वेळी मला धावायचंच होतं. आखाजीच्या दिवशीच जायचं, घागर तिच्या हातून काढून घ्यायची, चार लोकांसमोर, आणि संध्याकाळपर्यंत सही, असं ठरवून मी निघाले.

अमरावतीहून नेरपर्यंत एसटी, तिथून दारव्ह्याला काळीपिवळी. मे महिन्यातलं ऊन, जीपमध्ये बारा माणसं आणि माझ्या मांडीवर कुणाची तरी आंब्याची पिशवी. त्या आंब्यांच्या वासानं माझा राग थोडा पातळ झाला, हे कबूल केलं पाहिजे. आत्या मुकुटबनला सासरी होती तेव्हा दरवर्षी आंब्याच्या दिवसांत माहेरी यायची. तिच्या पिशवीला हाच वास असायचा.

आणि मग हेही आठवलं की घर तिला मीच दिलं होतं. बाबा गेले, त्यांच्या तेराव्याला. आई आधीच गेली होती. आत्याचे यजमान त्याच वर्षी वारले होते, पोटी मूलबाळ नाही, मुकुटबनच्या घरात पुतण्यांचा संसार वाढलेला. रजत पुण्याला निघायच्या घाईत. दाराला कुलूप कुणी लावायचं यावर आम्ही बोलत होतो. मी म्हटलं, "आत्या, तू राह्य ना इथं. घराले दिवा तरी लागन." रजतच्या चेहऱ्यावर केवढं सुटल्यासारखं झालं होतं. आत्या म्हणाली, "भाडं काय घ्यान?" आणि आम्ही दोघं तिच्यावर ओरडलो होतो. बाबांच्या बहिणीकडून भाडं घ्यायचं, लोक शेण घालतील तोंडात.

घर काही मोठं नाही. एकामागे एक तीन खोल्या, वर टिनं, मागे अंगण आणि लिंबाचं झाड. समोरची खोली सर्वांत मोठी आणि तिला रस्त्याच्या बाजूनं रुंद दुपाखी दार. मी पोचले तेव्हा ते दार सताड उघडं होतं, जमीन सारवलेली होती, आणि आत्या जुन्या कापडाच्या गोल चुंबळी करून त्यांवर घागरी मांडत होती. आजोबा, आजी, बाबा, आई. चार.

"आली का व उज्वल? रजत नाई आला?" तिनं माझ्या मागे रस्त्यावर पाहिलं.

"नाही आला. आत्या, या घागरी तू काहून भरून राह्यली? मुलगा हाये ना त्यायले."

माझी शाळेतली मराठी दारव्ह्याच्या उंबरठ्यावर गळून पडते, त्याला माझा इलाज नाही.

"हाये ना. म्या कुठं म्हटलं नाई?" ती चुंबळ नीट करत राहिली.

"अन् बाबांपुढे दिवा काहून नाई? मागच्या साली नव्हता, यंदाही नाई. तेल संपलं का घरातलं?"

आता तिनं हात थांबवला. चष्म्यातून माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पाढा चुकलेल्या पोराकडे पाहते.

"या खोलीत? कापसाच्या खोलीत दिवा लावू? दादा मले जित्ता ठेवन काय?"

"आत्या, कापूस कुठं हाये आता?"

"नसन. पण दादाले माहीत हाये का तो नाई म्हणून? ते येतीन, अन् पाहतीन का बेबीनं कापसाच्या खोलीत दिवा लावला." मग म्हणाली, "दिवा लावला ना म्या. माजघरात जाऊन पाय. पहाटपासून जळून राह्यला."

मी माजघरात जाऊन पाहिलं. दिवा होता.  मी बाहेर आले आणि भिंतीला टेकून खाली बसले.

ही आमची कापसाची खोली. दिवाळीनंतर शेतातून बैलबंड्या यायच्या आणि त्या रुंद दारातून सगळा कापूस या खोलीत रिचवला जायचा. आधी घोट्याएवढा, मग कमरेएवढा, आणि संक्रांतीच्या आसपास थेट आढ्यापर्यंत. भाव चढेपर्यंत तो तिथंच. तेवढे महिने आमची बैठक नाही, पाहुण्यांना बसायला जागा नाही, सगळे मागच्या दोन खोल्यांत. आम्हा पोरांना मात्र स्वर्ग. बाबा शेतात गेले की फळीवर चढायचं आणि खाली कापसात उडी मारायची. गळ्यापर्यंत आत जायचं. थंडीच्या दिवसांत त्यात इतकी ऊब असायची की तशीच झोप लागायची, आणि रात्रभर अंग खाजवत आईच्या शिव्या खायच्या. इतकी वर्षं मी अमरावतीला गादीवर झोपते, पण तशी झोप मला परत लागलेली नाही.

त्या खोलीचा नियम एकच. आत काडी ओढायची नाही. रॉकेलची चिमणी नाही, उदबत्ती नाही, बिडी ओढणारा पाहुणा ओट्यावरच. एक ठिणगी पडली तर वर्षाचं सगळं गेलं. बाबा फार शांत माणूस, पण या एका बाबतीत ते कुणाचं ऐकत नसत.

रजत सहा वर्षांचा असताना दिवाळीच्या उरलेल्या फुलझड्यांपैकी एक घेऊन कापसाच्या खोलीत गेला. अंधारात चांगली दिसते म्हणून. आत्या तेव्हा माहेरी आली होती. तिनं काडीचा आवाज ऐकला आणि धावली. पेटती फुलझडी तिनं मुठीत धरून विझवली. बाबा आले, त्यांनी रजतला एक मारली, दुसरा हात उचलला, तर आत्या त्याच्यावर वाकली आणि तो तडाखा तिच्या पाठीत बसला. बाबांनी आयुष्यात मुलावर हात टाकला तो तेवढाच आणि बहिणीवरही तेवढाच. नंतर ते ओट्यावर जाऊन रडले होते. आत्याच्या उजव्या तळव्यावर तो डाग अजून आहे. आत्ता ती घागरीच्या गळ्याला हळदीकुंकू लावत असताना मला तो दिसत होता.

मी खोलीभर पाहिलं. रजतला वाटत होतं की तिनं घरात हातपाय पसरले असतील. ही खोली रिकामी होती. बाबांची टोपी खुंटीवर होती, तिच्याखाली त्यांची काठी. भिंतीत एकही नवा खिळा नव्हता. आत्या अकरा वर्षं स्वयंपाकघरात राहत होती आणि मागच्या पडवीत बाजेवर झोपत होती. वर पाहिलं तर आढ्याच्या लाकडात एका फटीत कापसाचा एक पुंजका अडकलेला, काळा पडलेला. तोही तिनं काढला नव्हता.

"एवढी मोठी खोली काहून वापरत नाई तू?" मी विचारलं.

"त्यायले बसाले नको का?" ती म्हणाली, आणि घागरींकडे हात केला.

बाराच्या सुमाराला पुंडलिकराव आले. ऐंशीच्या पुढचे, धुतलेलं धोतर, डोक्याला उपरणं. बाबांचे पित्तर म्हणून दरवर्षी तेच जेवतात. दारातच चपला काढत म्हणाले, "चला, रजतचं पाणी प्याले आलो."

मी विचारलं, "रजतचं म्हणजे?"

"मंग कोणाचं?" ते पाटावर बसले. "दरसाल बेबीताईचं एकच बोलणं. 'रजतनं बोलावलं तुमाले. त्याले सुट्टी नाई भेटली, म्हणून मी सांगून राह्यली.' गल्लीतल्या साऱ्यायले तेच सांगते. मी म्हणतो, एवढा मोठा साहेब झाला तो, त्याले एका दिवसाची सुट्टी नाई? त म्हणते, भेटन पुढच्या साली."

अकरा वर्षं. ज्या घागरींना आम्ही तिचा दावा समजत होतो, त्या ती त्याच्या नावानं भरत होती. आम्हाला दोघांना आखाजी कोणत्या तारखेला येते हेसुद्धा कॅलेंडरमध्ये बघावं लागतं. माझ्या पर्समध्ये तो कागद होता, आणि मला खरंच लाज वाटली. असली लाज वाटायचं माझं वय राहिलेलं नाही, तरी वाटली.

पुंडलिकराव रस, पोळी, कुरडया जेवून, बाबांच्या फोटोला नमस्कार करून गेले. मी ताट उचलून मागे पडवीत नेलं. तिथं आत्याच्या बाजेशेजारी तिची पत्र्याची ट्रंक होती, दोरीनं बांधलेली. वर घडी केलेली वाकळ. आणि ट्रंकेवर एक पाचवी घागर, छोटीशी, नवी, पालथी घातलेली.

"हे काय?"

आत्या माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. "मागच्या हप्त्यात दोघं जण टेप घेऊन आलते. समोरून मोजलं, मागून मोजलं. म्या त्यायले पाणी देल्लं. मले समजलं." ती बाजेवर बसली. "कागद आणला असशीन ना तू. दे, करून देतो सही. मुकुटबनचा पुतण्या म्हणते, ये म्हणून. गोठ्याच्या बाजूले एक खोली हाये त्याची. आखाजी झाली का जाईन म्हटलं. यंदाचं पाणी तेवढं देऊन जाऊ."

तिच्या आवाजात रुसवा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं, मी भांडले असते.

"अन् ही घागर कोणाची?"

तिनं हात लांबवून घागर मांडीवर घेतली. मग म्हणाली, "माही."

"तुही?"

"सासरी भराले पोटचं पाह्यजे. माहेरात लेकीची भरत नाईत. मंग कोण भरन? मीच आणून ठेवली बाजारातून." तिनं घागरीवरची धूळ पदरानं पुसली. धूळ नव्हती खरं तर. "घर विकता त विका. घर तुमचंच होय. पण हे तू घेऊन जाय अमरावतीले. मी गेली का मंग, जमलं त भरजो. नाई जमलं त तुळशीले पाणी घालाले कामी येईन."

मी स्वतः या घराची लेक आहे हे मला त्या क्षणी पहिल्यांदा नीट कळलं. माझीही घागर इथं कुणी भरणार नव्हतं. एवढी वर्षं मी त्याबद्दल कधी चिडलेसुद्धा नव्हते, आणि मी तर कशावरही चिडते.

तेवढ्यात रजतचा फोन आला.

"ताई, झाली का सही?"

"नाही. होणारही नाही."

"अगं पण—"

"ऐक. घर अर्धं तुझं आहे, अर्धं माझं. कापसाची खोली, स्वयंपाकघर आणि पडवी माझ्या अर्ध्यात. त्यात आत्या राहील. भाडं नाही, काही नाही. माजघर तुझं, ते तू खुशाल वीक, मधोमध कापून."

"ताई, चिडू नकोस. आपण शांतपणे बोलू. तूच म्हणालीस ना, बाबांपुढे साधा दिवासुद्धा लावत नाही म्हणून?"

"कापसाच्या खोलीत दिवा लावायचा का, रजत?"

  त्यानं हळूच विचारलं, "ती अजून त्या खोलीत काडी ओढत नाही?"

"अकरा वर्षांत नाही. बाबांना आवडणार नाही म्हणते. अन् गल्लीत साऱ्यायले सांगते का पाणी रजतचंच हाये, त्याले सुट्टी नाई म्हणून मी भरून राह्यली. हात अजून तसाच हाये तिचा, फुलझडीचा डाग गेला नाई. अन् ट्रंक बांधून बसली हाये, मुकुटबनले जाते म्हणते."

 पुण्याला गेल्यापासून रजत पुस्तकातलं मराठी बोलतो. आमची बोली त्यानं कॉलेजच्या पहिल्या वर्षीच सोडली.

"आत्याले दे फोन," तो म्हणाला.

मी फोन तिच्या हातात दिला आणि मुद्दाम बाजूला झाले. तरी ऐकू येत होतंच.

"हाव बापा... जेवले पुंडलिकराव. तुह्याच नावानं... नाई रे, मी कुठं जाऊन राह्यली? तुले कोणी सांगतलं?... ट्रंक? ट्रंकेत त कुरडया हायेत. तुह्यासाठी भरून ठेवल्या... हाव. रडतं कायले? एवढा मोठा झाला अन् रडते." मग ती खूप वेळ नुसतं ऐकत राहिली, आणि शेवटी म्हणाली, "पुढच्या साली ये मंग. सुट्टी घेऊन ये."

मी ती छोटी घागर उचलली आणि समोरच्या खोलीत आले. आईच्या घागरीशेजारी ठेवली, तर ती कलंडायला लागली. चुंबळी चारच केलेल्या होत्या. मी पर्समधून वकिलाचा कागद काढला, चार घड्या घातल्या, पीळ दिला आणि गोल करून तिच्या खाली सारला. कागद जाड होता, बरा बसला. मग मागच्या हौदातून कळशीनं पाणी आणून घागर गळ्यापर्यंत भरली.

आत्या दारात येऊन उभी होती. घाबरल्यासारखी म्हणाली, "अव, काय करून राह्यली तू? जित्त्या माणसाची घागर भरत नाईत."

"पूजा नाई करत मी. पाणी भरलं नुसतं." मी लोटा बुडवून तिच्यापुढे धरला. "मेल्यावर कोण पाहते येऊन? आता पी."

तिनं लोटा दोन्ही हातांनी घेतला. तसाच धरून उभी राहिली, आईबाबांच्या फोटोकडे पाहत. मग खाली बसली आणि सगळं पाणी प्याली, न थांबता. हनुवटीवरून ओघळलेलं पदरानं पुसलं.

नव्या घागरीतलं पाणी लगेच गार होत नाही. निदान एक रात्र तरी जावी लागते. तरी आत्या म्हणाली, "गार हाये व."